दत्तकग्रहणाचा खर्च : स्वरूप, मर्यादा आणि कौटुंबिक नियोजन

प्रस्तावना :
मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबासमोर खर्चाचा प्रश्न लवकरच उभा राहतो. परंतु तो मोकळेपणाने विचारला जात नाही. मुलाच्या संदर्भात पैशाचा उल्लेख अनेकांना अप्रशस्त वाटतो. या संकोचातून ऐकीव आकडे प्रमाण मानले जातात. परिणामी काही कुटुंबे विचारच सोडून देतात, तर काही मध्यस्थांच्या आहारी जातात. प्रस्तुत लेखात भारतातील देशांतर्गत दत्तकग्रहणाच्या खर्चाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. विहित शुल्क :
बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार होणारे दत्तकग्रहण केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजेच ‘कारा’च्या, नियंत्रणाखाली चालते. हा मार्ग सर्वधर्मीयांना खुला आहे. २०१७ च्या दत्तकग्रहण विनियमांत गृहभेट व कुटुंबाच्या अभ्यास अहवालासाठी ६,००० रुपये, बालसंगोपन निधीसाठी ४०,००० रुपये आणि दत्तकोत्तर पाहणीच्या प्रत्येक भेटीसाठी २,००० रुपये असे दर होते. दोन वर्षांतील चार भेटी धरल्यास एकूण रक्कम ५४,००० रुपये होते. २०२२ मध्ये नवे विनियम लागू झाले असल्याने अर्जदारांनी नोंदणीच्या वेळी अमलात असलेली शुल्कसूची पाहणे आवश्यक आहे. दर बदलले तरी तत्त्व तेच राहते : शुल्क पूर्वघोषित असते, ते टप्प्याटप्प्याने भरावयाचे असते आणि प्रत्येक रकमेची पावती मिळते. शिवाय १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे.

२. शुल्क आणि मोबदला यांतील भेद :
वरील निधी ही मुलाची किंमत नव्हे. संस्थेतील बालकांच्या संगोपनास लावलेला तो हातभार होय. याउलट मध्यस्थाला किंवा जन्मदात्यांना दिलेली रक्कम हा मोबदला ठरतो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १७ नेही असा मोबदला निषिद्ध मानला आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ नुसार बालकाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपये दंड होऊ शकतो. प्रतीक्षायादीचा काळ टाळण्यासाठी निवडलेल्या अशा आडमार्गाची खरी किंमत मात्र मूल मोजते. त्याला दत्तक अपत्याचा कायदेशीर दर्जा मिळत नाही आणि व्यवहार उघडकीस आल्यास ज्या घराला ते आपले मानू लागले, तेच घर दुरावण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते.

३. नियोजनात सहसा न धरला जाणारा खर्च :
विहित शुल्काच्या तुलनेत आरंभीच्या वर्षातील खर्च अधिक अनिश्चित असतो. तो पुढील बाबींवर अवलंबून असतो.

(अ) आरोग्य : संस्थेकडून बालकाचा वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो. तो स्वतःच्या बालरोगतज्ज्ञांकडून समजून घ्यावा. जन्मतः वजन कमी असणे किंवा विकास मंदावणे आढळल्यास उपचार, पोषण व पुनर्तपासणी यांसाठी तरतूद लागते. आरोग्य विम्यात मुलाचे नाव केव्हा समाविष्ट होईल, हेही आधीच विचारून घ्यावे.

(आ) रजा व उत्पन्न : नव्या घरात रुळण्यासाठी मुलाला पालकांचा सहवास हवा असतो. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक मातेस १२ आठवड्यांची रजा दिली. पण ती तीन महिन्यांहून लहान बालकापुरती होती. जन्मदात्यांनी सोपविलेल्या बालकाबाबत फेरविचारासाठी कायद्यानेच दोन महिने राखून ठेवलेले असल्याने हा लाभ फार थोड्यांच्या वाट्याला येऊ शकला. केंद्रीय रजा नियमांत दोनपेक्षा कमी अपत्ये असलेल्या महिला कर्मचाऱ्यास एक वर्षाखालील बालकासाठी १८० दिवसांची तरतूद आहे. मूल मोठे असल्यास बिनपगारी रजेची शक्यता धरून काही महिन्यांच्या घरखर्चाची बेगमी करावी.

(इ) प्रवास व काळ : बालक दूरच्या जिल्ह्यातील किंवा परराज्यातील असू शकते. सुचविलेले बालक राखून ठेवण्यासाठी पालकांना ४८ तासांचीच मुदत असते. प्रतीक्षा मात्र काही वर्षांची असू शकते. म्हणून ही रक्कम सहज हाती येईल अशा बचतीत ठेवणे इष्ट.

४. आर्थिक पात्रतेविषयी गैरसमज :
विनियमांत किमान उत्पन्नाचा आकडा नाही. पालक शारीरिक, मानसिक, भावनिक व आर्थिक दृष्ट्या सक्षम असावेत, अशी अपेक्षा आहे. स्वतःचे घर वा मोठी ठेव नसल्यामुळे पात्रता नाही, असे गृहीत धरणे चुकीचे होय. पाहणी करणाऱ्या समाजकार्यकर्त्यापुढे कर्ज व जबाबदाऱ्या लपवू नयेत. हा अहवाल कुटुंबाच्या स्वतःच्या नियोजनासही उपयुक्त ठरतो.

समारोप :
सारांश, कायदेशीर दत्तकग्रहणाचे शुल्क मर्यादित व आधी कळणारे आहे. नियोजनाची खरी गरज त्यानंतरच्या संगोपनासाठी आहे. पावती नसलेला रुपया देऊ नये आणि मुलासाठी लागणाऱ्या वेळेचीही आर्थिक तरतूद करावी, ही दोन सूत्रे पाळल्यास खर्चाची भीती बरीच ओसरते. महाविद्यालयांनीही आपल्या सेवानियमांतील दत्तक रजेची तरतूद कर्मचाऱ्यांना स्पष्टपणे कळविल्यास अशा कुटुंबांचा मार्ग सुकर होईल.