जुहूच्या दमट हवेत टर्बोला फवारा

पावसाळ्यात जुहूच्या गॅलरीत टाकलेली जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही. तीच मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर बघता बघता कडक होते. टर्बो गाडीच्या इंटरकूलरवर घरच्या घरी पाण्याचा फवारा बसवू पाहणाऱ्या जुहूकराने आधी या जीन्सचा विचार करावा.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसंच इथेही होतं. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की कागदावरच्या हिशेबानेही ती १०० अंशांवर पोहोचते, प्रत्यक्षात १२०-१३०. गरम हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी. म्हणून वाटेत इंटरकूलर: अ‍ॅल्युमिनियमची जाळी, आतून तापलेली हवा, बाहेरून वारा. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरची रुंद नाकपुडी या वाऱ्यासाठी आहे, रुबाबासाठी नाही. (जुहूत ती रुबाबाच्याच कामी येते, हा भाग वेगळा.) आत जाणारी हवा ६० वरून ५० अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला ती सुमारे तीन टक्के जास्त मावते.

फवाऱ्याची करामत पाणी गार असण्यात नाही, त्याची वाफ होण्यात आहे. एक लिटर पाणी ३० वरून ४० अंशांवर जाताना जेमतेम ४२ किलोज्यूल उष्णता घेतं. त्याचीच वाफ होताना सुमारे २,४००. मिनिटाला १०० मिलिलिटर पाणी पुरतं उडून गेलं, तर एक टनाचा एसी खेचतो त्याहून थोडी जास्तच उष्णता गेली. सुबारू इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांना असा फवारा कंपनीनेच दिला होता.

आता जीन्सकडे. तापमापकाच्या फुग्याला ओला कपडा गुंडाळून वारा घातला, तर नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला पारा २५ पर्यंत उतरतो. जुहूत ३४ अंश आणि ६५ टक्क्यांना तो २८ च्या खाली जात नाही. विदर्भात कूलर घरोघरी आणि मुंबईत त्याला कुणी विचारत नाही, ते यामुळेच. मग फवारा इथे फुकट? नाही. कूलरची ताटी फार तर हवेइतकीच गरम असते. इंटरकूलर तिच्याहून कितीतरी तापलेला. तापल्या तव्यावर शिंपडलेलं पाणी पावसाळ्यातही चुरचुरतंच. दमट हवेने फायदा घटतो, संपत नाही.

बनवायला फार काही लागत नाही. वायपरच्या पाण्याची टाकी आणि तिचा १२ व्होल्टचा पंप कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरपार्टवाल्यांकडे मिळतो, रिले आणि फ्यूज लॅमिंग्टन रोडला. नोझल मात्र वायपरचा नको. त्याची धार जाळीवरून ओघळून रस्त्यावर जाते आणि वाफ होतच नाही. पॉलिहाऊसमधला फॉगर बारीक तुषार देतो, पण त्याला दाब जास्त लागतो. तेव्हा पंपाला झेपेल असाच निवडा, आणि पंप बंद झाल्यावर पाणी ठिबकू नये म्हणून नळीत एकेरी झडप घाला. तुषार जाळीच्या बाहेरच्या बाजूवरच पडले पाहिजेत. एअर फिल्टर आणि वायरिंगपासून ते लांब ठेवा. बोअरचं पाणी तर मुळीच नको: वाफ उडते, क्षार जाळीत बसतात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने आधीच गांजलेलं अ‍ॅल्युमिनियम आणखी लवकर खराब होतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. गाडी वॉरंटीत असेल, तर वायरिंगला हात लावण्याआधी तिच्या अटी वाचा.

जुहू तारा रोडच्या संध्याकाळच्या रांगेत बटण दाबू नका. तिथे टर्बोवर जोरच येत नाही, जाळीतून वाराही वाहत नाही. टाकीतलं पाणी खंडाळ्याच्या चढासाठी राखून ठेवा.