अवकाळी पाऊस, उन्हाचा चटका आणि परसातील घरटी

मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी चालू असते, त्याच वेळी परसात चिमणी आणि बुलबुलाची वीणही चालू असते. गारपिटीत पिकाचा पंचनामा होतो, घरट्यांचा कोण करणार? फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत राज्यात पिकांबरोबर पक्षीही मेले.

बुलबुलाचे घरटे लिंबाच्या किंवा मेंदीच्या झुडपात, वाटीसारखे उघडे असते. वादळी पावसात ते कलंडते. चिमणी वळचणीला राहते, त्यामुळे पावसातून वाचते. पण घरटे पत्र्याला लागून असेल तर उन्हात त्याची भट्टी होते.

तरीही मोठा फटका बसतो तो उपासमारीचा. पंख न फुटलेल्या पिल्लांना स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. पावसात मादी त्यांना ऊब देत बसते, आणि बाहेर किडेही मिळत नाहीत. चिमणी स्वतः दाणे खाते, पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवते. उघडीप मिळताच आपण कीटकनाशक फवारले, की उरलासुरला घासही जातो. चिमणीची पिल्ले साधारण १५ दिवसांत उडतात. तेवढे दिवस परसातील भाजीवरच्या अळ्या हाताने वेचाव्यात.

खोपा टांगायचा असल्यास लाकडी घ्यावा. तो सावलीत, पत्र्यापासून खाली, पावसाचा मारा येणार नाही अशा बाजूला लावावा. भोक सव्वा इंचाचे पुरते. घरट्यातून पडलेले पिल्लू उचलून परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही.