गोळी एक, औषधं तीन: एचआयव्हीच्या उपचाराचं गणित

शिरवण्यातून तुमचा कोडवाला मित्र बोलतोय. आजचा प्रश्न: एचआयव्हीवर एकच भारी औषध का देत नाहीत? एकदम तीन का?

हा विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या कॉप्या काढत बसतो. दिवसाला अब्जावधी! कॉपी काढताना तो भरपूर चुका करतो, आणि त्या चुकाच त्याच्या पथ्यावर पडतात. एवढ्या गर्दीत एखादी कॉपी अशी निघतेच, जिच्यावर दिलेलं औषध चालत नाही. मग तीच वाढते. १९८७ मध्ये आलेलं झिडोव्ह्युडिन एकटं दिलं, तेव्हा हेच झालं. काही महिन्यांत गुण ओसरायचा. पण एकाच कॉपीत तिन्ही औषधांना चुकवणारे बदल जुळून येणं जवळजवळ अशक्य. म्हणून १९९६ पासून तिघांची जोडणी रुळली आणि मृत्यू झपाट्याने घटले.

तेव्हा खर्च होता वर्षाला १०,००० डॉलरच्या वर. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने, म्हणजे डॉ. युसूफ हमीद यांनी, तीन औषधं ३५० डॉलरला देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

आज बहुतेक मोठ्या माणसांना मिळते टीएलडी: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. दिवसाला एकच गोळी. पहिली दोन औषधं कॉपी तयार होऊ देत नाहीत, तिसरं तिला आपल्या डीएनएत घुसू देत नाही.

आता खरी मेख. काही महिन्यांनी रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही, तब्येत ठणठणीत, आणि वाटतं, आता कशाला गोळी? पण काही पेशींत तो गुपचूप झोपलेला असतो. गोळी बंद, की तो जागा. सारखी मध्येच चुकवली, तर अर्धवट औषधात तो वाढतो आणि औषधाला न जुमानणारी कॉपी तयार होऊ शकते. उलट गोळी रोज घेतली आणि विषाणू सापडेनासाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

म्हणून नाइट शिफ्ट असो की लोकलची गर्दी, फोनवर अलार्म लावा. गणपतीला गावी जाताना पुरतील एवढ्या गोळ्या केंद्रातून आधीच घ्या. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते, नावही गुप्त राहतं. शंका असेल तर १०९७ लावा, पैसे पडत नाहीत.