घोरणे

उर्दूत ज्याला आपण 'खर्राटे' म्हणतो, त्याला मराठीत 'घोरणे' म्हणतात. घोरणाऱ्या माणसाची सगळे थट्टा करतात. तो मात्र म्हणतो, "मी कुठे घोरतो?" तो खोटे बोलत नसतो. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे सहसा ऐकू येत नाही. ते ऐकू येते शेजारी झोपलेल्यांना. म्हणून घोरण्याविषयी थोडी माहिती आपल्या सर्वांना असायला हवी.

हा आवाज येतो तरी कसा? नाशिकची गोदावरी आठवा. जेथे पात्र रुंद आहे, तेथे पाणी शांतपणे वाहते. तेच पाणी सोमेश्वरजवळ खडकांमधून वाट काढते, तेव्हा केवढा आवाज होतो! आपल्या श्वासाचेही असेच आहे. जागेपणी घशातील हवेची वाट मोकळी असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ थोडी मागे सरकते. वाट अरुंद होते आणि हवा जोराने आत जाऊ लागते. त्या हवेने मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात. वाऱ्यात पतंगाचा कागद फडफडतो ना, तसेच हे असते. त्या थरथरण्याचा आवाज म्हणजेच घोरणे.

घोरण्याची कारणे अनेक आहेत. उताणे झोपले की जीभ सहज मागे पडते. सर्दीने नाक चोंदले तर माणूस तोंडाने श्वास घेतो. वजन वाढले की गळ्याभोवती चरबी साठते. विडी-सिगारेटच्या धुराने घशाला सूज येते. दारूमुळे आणि झोपेच्या गोळ्यांमुळे स्नायू जास्तच सैल पडतात.

कारणे समजली की उपाय सुचतात. कुशीवर झोपणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. झोपेत पुन्हा उताणे होण्याची सवय असेल, तर सदऱ्याच्या पाठीवर खिसा शिवून त्यात एक चेंडू ठेवावा. पाठीवर वळताच चेंडू टोचतो आणि माणूस आपोआप कुशीवर होतो. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू थोडी उंच केली, तरी पुष्कळांना फायदा होतो. नाशिकच्या थंडीत नाक चोंदले, तर मोठ्या माणसांच्या मदतीने वाफ घ्यावी. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे. रोज चालायला जावे. विडी-सिगारेट सोडावी.

आणि घरातील इतरांनी काय करावे? अनेक घरांत पाच-सहा माणसे एकाच खोलीत झोपतात. अशा वेळी चिडून घोरणाऱ्याला गदागदा हलवू नये. हळूच त्याला कुशीवर वळवावे. ज्यांची झोप सावध आहे, त्यांनी आधी झोपावे. पंख्याच्या एकसारख्या आवाजातही घोरणे कमी जाणवते.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. काही माणसे मोठ्याने घोरता घोरता एकदम शांत होतात. आपल्याला वाटते, बरे झाले, घोरणे थांबले! खरे तर त्या वेळी त्यांचा श्वासच थांबलेला असतो. हवेची वाट पूर्ण बंद झालेली असते. दहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक वेळ असे होते. मग माणूस दचकतो, जोराने श्वास ओढतो आणि पुन्हा घोरू लागतो. एका रात्रीत असे कितीतरी वेळा घडते. या आजाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात.

अशा माणसाची झोप पुरी होत नाही. सकाळी डोके जड होते. दिवसा डुलक्या येतात. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक चालवणाऱ्या ड्रायव्हरला कसारा घाटात डुलकी लागली तर? मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या कारागिराचे डोळे मिटले तर? शिवाय या आजाराने रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे २०२२ साली मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचे नाव सांगितले होते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. या आजारावर उपचार आहेत. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी आपला नवा उपचार जगापुढे मांडला. यात एक लहान यंत्र नाकावरील मुखवट्यातून सतत हवा सोडते. त्या हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. आज हे यंत्र भारतातही मिळते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायचे असते. लहान मुले रोज घोरत असतील, तर बहुधा त्यांच्या घशातील टॉन्सिल किंवा नाकामागील गाठी वाढलेल्या असतात. त्यांनाही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टर विचारतील, "घोरताना श्वास थांबतो का?" याचे उत्तर अब्बांना किंवा दादाजानना स्वतःला देता येणार नाही. ते तुम्हीच देऊ शकाल. म्हणून रात्री जाग आली, तर थोडा वेळ कान देऊन ऐका. श्वास किती वेळ थांबतो, ते मनात मोजा आणि सकाळी घरात सांगा. तुमच्या त्या चार शब्दांनी कोणाचा तरी जीव वाचू शकेल.