तणसापासून गाडीचे इंधन कसे बनते? चिमूरच्या धानपट्ट्यात नेमकी अडचण काय?

चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात धानाची मळणी झाली की तणसाचे ढीग रचले जातात. याच तणसापासून पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल तयार होऊ शकते. हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलच्या अशा प्रकल्पाचे १० ऑगस्ट २०२२ रोजी उद्घाटन झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे.

इथेनॉल बनते कसे?

उसाच्या रसात साखर तयारच असते. यीस्ट टाकले की रस आंबतो. तणसातही साखर आहे, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली आणि भोवती लिग्निनचे कवच. म्हणून तणस बारीक करून आधी आम्ल आणि वाफेच्या दाबाखाली शिजवतात. मग एन्झाइम त्या साखळ्या तोडतात. पुढची कृती उसासारखीच: आंबवणे, ऊर्ध्वपातन, पाणी काढणे. याला दुसऱ्या पिढीचे किंवा ‘२जी’ इथेनॉल म्हणतात. मोबाइलच्या २जीशी त्याचा संबंध नाही!

मग अडचण कुठे?

पानिपतची क्षमता वर्षाला २ लाख टन तणसापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर. एकरी दीड टन तणस धरले, तर एवढ्या प्रकल्पाला सव्वा लाखाहून जास्त एकरांतले सगळे तणस लागेल. रोजची गरज साडेपाचशे टनांची. धान मात्र वर्षातून मोजकेच आठवडे निघते. तणस हलके आणि फुगीर, ट्रॅक्टरची ट्रॉली लवकर भरते पण वजन भरत नाही. गाठी बांधणे, वाहतूक आणि कोरडी साठवण यातच पैसा जातो.

शिवाय पंजाब-हरियाणात बरेच तणस शेतातच जाळले जाते. इथे ते गुरे खातात. कारखान्याने भाव दिला तर चाराही महागणार, हे लक्षात घ्यावे लागेल.

बांबूचे काय?

आसामच्या नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. बांबू गडचिरोलीतही भरपूर आहे. पण वनहक्क कायद्यानुसार सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत तो ग्रामसभेचा आहे. मेंढा (लेखा) गावाला २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे उद्या इथे कारखाना आलाच, तर बांबूच्या भावाची बोलणी त्याला अशा ग्रामसभांशीच करावी लागतील.