पॉलिस्टरचा बीम आणि कोरडी हवा

इचलकरंजीच्या कापड कारखान्यात वार्पिंग खात्यात, म्हणजे ताणा तयार होतो तिथे, क्रीलच्या चौकटीवर सुताचे शेकडो कोन चढवलेले असतात. प्रत्येक कोनाचा धागा टेन्शनच्या चकत्यांमधून, चिनीमातीच्या गाइडमधून आणि फणीतून येतो आणि सगळे मिळून बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळले जातात. सूत कापसाचं असेल तर कामगाराला फारशी चिंता नसते. पण पॉलिस्टर लागलं आणि त्यात थंडीतली कोरडी दुपार असली, की त्याची नजर फणीवरून हलत नाही. शेजारशेजारचे धागे फाकू लागतात, सुटे तंतू ताठ उभे राहतात, हवेतली तंतूंची धूळ येऊन चिकटते. धाग्यांजवळ उघडा हात नेला तर हातावरची लव उभी राहते.

घासल्याने वीज तयार होते, हे शाळेत शिकवतात. खरं तर दोन वेगळे पदार्थ नुसते टेकून सुटले तरी थोडा विद्युतभार इकडून तिकडे जातो. घासण्यामुळे टेकण्याच्या जागा वाढतात आणि टेकणं-सुटणं पुन्हा पुन्हा होतं. इथे तर धागा मिनिटाला शेकडो मीटर वेगाने गाइडवरून पळत असतो! सगळे धागे एकाच जातीचे आणि एकाच वाटेने आलेले, म्हणून भारही बहुतेक एकाच प्रकारचा. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, हे शार्ल द्यु फे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३३च्या सुमारास दाखवून दिलं. फणीपाशी धागे फाकतात ते त्यामुळेच.

मग कापूस शांत का? भार त्याच्यावरही येतो, फक्त टिकत नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्या ओलाव्यातून भार वाहून जातो. पॉलिस्टरवर तो आला तिथेच बसून राहतो.

म्हणून खात्यात पाण्याचे फवारे हवेत, आणि धागा बनतानाच त्याच्यावर चढवलेलं तेलही पुरेसं हवं. मशीनला अर्थिंग दिलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं, पण ते पुरत नाही. अर्थिंगने लोखंडावरचा भार उतरतो. धागा वीज वाहूच देत नाही, त्याच्यावरचा भार उतरणार कसा? तिथे आयनायझर पट्टी लागते. तिच्या सुयांना हजारो व्होल्ट दिले की आजूबाजूच्या हवेत दोन्ही प्रकारचे आयन तयार होतात आणि धागा आपल्याला हवे ते ओढून घेतो. पण सुयांच्या टोकांवर तंतू बसले, की पट्टीचा जोर कमी होतो आणि ब्रश घेऊन ती टोकं साफ करावी लागतात.