जुन्या घरात धंदा टाकताय? आधी भिंतीतली तार बघा!



जुनं घर घेताना आपण वकिलाकडून टायटल सर्च करून घेतो, प्रॉपर्टी कार्ड बघतो, पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्यांना विचारतो. काही जण वास्तुवाल्यालाही फिरवून आणतात. वायरमनला मात्र कुणी सोबत नेत नाही. दिवे लागतायत, पंखा फिरतोय, म्हणजे लाइटचं सगळं ठीक आहे असं धरून चालतो. नुसतं राहायला जाणाऱ्याचं त्यावर काही वर्षं भागूनही जातं. पण त्या घरात ओव्हन, घरघंटी किंवा डीप फ्रीझर लावून धंदा सुरू करायचा असेल, तर नाही भागत.

आमच्या एका बॅचमधल्या जोडप्याने नाशकात सत्तरच्या दशकातल्या इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. मागची खोली स्वतंत्र दाराची, बेकरीला अगदी योग्य. रंग झाला, फरशी झाली, ओव्हनचा ॲडव्हान्स गेला. मग ओव्हनसाठी पॉइंट काढायला वायरमन आला आणि त्याने बोर्ड उघडला. बाहेरून चकाचक मॉड्युलर स्विच, आत मात्र ॲल्युमिनियमची जुनी तार. आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी फक्त प्लेटा बदलल्या होत्या. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगचं भोक होतं, पण त्याच्या मागे तारच नव्हती!

हे सर्रास दिसतं, म्हणून बोर्डाच्या रूपावर जाऊ नका. त्या काळात आपल्याकडे घरांच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियम भरपूर वापरलं गेलं. ते तांब्यापेक्षा कमी वीज वाहून नेतं. गरम-थंड होता होता त्याचे स्क्रू सैल पडतात, वर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड तापायला लागतो. त्यात कुणी मधेच तांब्याची तार पिळून जोडली असेल, तर तो जोड म्हणजे दुखणंच. याहून जुन्या वाड्यांमध्ये लाकडी पट्टीतल्या, रबराच्या आवरणाच्या तारा अजून सापडतात. ते रबर इतकं वाळलेलं असतं की हात लावला की भुगा होतो. म्हणून स्वतः पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका.

तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी काय दिसेल? काळे गोल स्विच, दोनच पिनांची सॉकेट, मीटरजवळ चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. फ्यूजमध्ये कुणी जाड तार बांधली असेल तर समजा की तो फ्यूज वारंवार उडत होता आणि उडू नये म्हणून कुणीतरी ‘इलाज’ केलाय. मिक्सर लावला की दिवे मंद होतात का, ते बघा. सॉकेटभोवती तपकिरी डाग आहे का, तेही बघा.

आता थोडं गणित करू. अवघड नाही. वॉटला 230 ने भागलं की साधारण किती अँपिअर लागतील ते कळतं. तीन किलोवॉटचा छोटा डेक ओव्हन एकटाच 13 अँपिअर घेतो. त्यात 750 वॉटचा मिक्सर, 300 वॉटचा फ्रीझर आणि सकाळी घरातला 2000 वॉटचा गीझर मिळवा. झाले सहा हजारांच्या वर, म्हणजे 26 अँपिअर. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, ते वेगळं. जुने वायरमन अजून ‘एक-अठरा’, ‘तीन-वीस’ असं तारेचं माप सांगतात. तीन-वीस म्हणजे जेमतेम दोन चौरस मिलिमीटर. दिव्या-पंख्यासाठी ओढलेल्या असल्या तारेवर तुमचा अख्खा कारखाना टांगायचा? करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, हे लक्षात असू द्या.

त्या जोडप्याने काय केलं ते सांगतो, कारण भांडवल कमी असताना हाच मार्ग परवडतो. ओव्हनची डिलिव्हरी पुढे ढकलली. नवी फरशी न फोडता मीटरपासून मागच्या खोलीपर्यंत पीव्हीसी पट्टीतून नवी तांब्याची लाइन आणली, ओव्हनला 4 चौरस मिलिमीटरची, बाकी पॉवर पॉइंटना 2.5 ची. नवी अर्थिंग केली. खोलीसाठी वेगळा डीबी बसवला, त्यात एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी तारेची काळजी घेतो. माणसाला शॉक बसत असताना लाइन तोडतो तो आरसीसीबी. ओल्या फरशीवर, पिठाच्या हातांनी काम करणाऱ्यांनी यात पैसे वाचवूच नयेत. उरलेल्या घराचं वायरिंग पुढच्या दिवाळीआधी करायचं ठरलं. हे सगळं रंगाच्या आधी झालं असतं तर रंग दोनदा द्यावा लागला नसता.

कोटेशन घेताना फक्त ‘पॉइंटला किती’ विचारून थांबू नका. तारेचं माप, आयएसआय मार्क, अर्थिंग आणि शेवटी मेगरने इन्सुलेशन तपासून टेस्ट रिपोर्ट, हे सगळं लिहून घ्या. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. आणि हो, निघणारं जुनं तांबं कुणाचं, हेही आधीच ठरवा. भंगारात त्याला चांगला भाव येतो आणि नंतर त्यावरूनच तोंडं वाकडी होतात.

घर अजून घेतलं नसेल तर उत्तमच. टोकन देण्याआधी वायरमनला मेगरसह घेऊन जा. रीवायरिंगचा लेखी अंदाज हातात असला की किमतीवर बोलायला मुद्दा मिळतो. सोसायटी असेल तर मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंतची केबल कधीची आहे, हेही विचारा. ती जुनी असेल तर आतलं नवं वायरिंग अर्धंच कामाचं.

आता वीजबिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. जुन्या घरांत तो एक किलोवॉटसुद्धा असतो. टेस्ट रिपोर्ट जोडून तो वाढवून घ्या. घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300 युनिट व आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दर लागू ठेवण्याची तरतूद महावितरणच्या दर आदेशांत केलेली आहे. चालू आदेशात ती बघून घ्या. त्यापुढे गेलात तर अर्ज करून योग्य वर्गवारी घ्या. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली, मंजूर कारणापेक्षा वेगळा वापर अनधिकृत ठरला तर आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. बेकरीच्या पहिल्या वर्षाचा नफा त्यात सहज जाऊ शकतो. अर्ज महावितरणच्या वेबसाइटवरून करता येतो, पोचपावतीचा नंबर तेवढा जपून ठेवा.